आमचे हे आणि शिडाची होडी

कूलर आणायला म्हणून आमचे हे नांदेडला गेले आणि होडी घेऊन आले.

एवढं सांगितलं की लोक मला तिथंच थांबवतात. "होडी? लातूरला?" होय, लातूरला. ज्या गावात नळाला पाणी कधी येणार ते बघून पाहुण्यांना जेवायला बोलावतात, त्याच लातूरला. माझं माहेर उदगीरचं, तिथंही काही समुद्र नाही. आमच्या दोन्ही घराण्यांत पाण्यावर तरंगलेली एकच वस्तू, आमटीवरची तर्री.

ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं बास झालं. हे टँकरवाले. स्वतःचे दोन टँकर होते, आयुष्यभर लातूरला पाणी वाटलं, आणि आवाज असा की टँकरला हॉर्न नसता तरी चाललं असतं. ड्रायव्हरवर ओरडायचे, पाइप ओढणाऱ्या बायकांवर ओरडायचे, घरी आले की चहात साखर कमी म्हणून माझ्यावर ओरडायचे. मीही गप्प बसणारी नव्हे. आमचं भांडण शेजारपाजारचे लोक जेवता जेवता ऐकायचे, आणि एखाद्या दिवशी झालं नाही तर दुसऱ्या दिवशी तब्येतीची चौकशी करायचे.

मग ह्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही ठणठणीत आहात. चाला, फिरा, कामं करा. फक्त तंबाखू सोडा." ह्यांनी तंबाखू सोडली आणि तिच्याबरोबर बाकीचंही सगळं सोडलं. टँकर विकले. कोपऱ्यावरच्या महादेवाच्या देवळापर्यंत जाईनात. पाण्याचा तांब्या उचलायचा तर आधी माझ्याकडं बघायचे. एक हात कायम छातीवर. सकाळी अंघोळ करून लिंगपूजा करायची, कपाळाला भस्म लावायचं आणि पलंगावर बसून पंख्याकडं बघायचं. सगळ्यात वाईट म्हणजे भांडण बंद झालं. एक दिवस मी मुद्दाम आमटी अळणी केली. वाटी पुसून खाल्ली. वर "चांगली झाली" म्हणाले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ऑपरेशनातून वाचलेला माणूस नुसत्या भीतीनं माझ्या हातून चाललाय, हे मला दिसत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं.

म्हणून पुतण्याचा टेम्पो नांदेडला निघाला, तेव्हा मी ह्यांना जवळजवळ ढकलूनच त्यात बसवलं. "जुना कूलर बगून या. मला उन्हाळा सोसंना." कूलरचं नुसतं निमित्त होतं. माणूस उंबऱ्याच्या बाहेर पडावा एवढीच इच्छा होती. संध्याकाळी टेम्पो दारात आला तर मागं ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक. मला वाटलं, कूलर लईच मोठा आणला.

ताडपत्री काढली. मी डोक्याला हात लावला.

"भंगारवाल्याकडं पडली होती," हे म्हणाले. "कुणीतरी गोदावरीवर लोकांना फिरवायचा धंदा काढला होता म्हणे, तो बसला. आतमधी शेळ्या बसल्या होत्या. मी वाजवून बगितली. टाकी मजबूत हाय."

"टाकी?"

"होडी हाय. पर टाकीच की. वरून उघडी."

घराशेजारी आमचा मोकळा प्लॉट आहे, पूर्वी टँकर लावायचो तिथं. जुन्या टायरांवर होडी ठेवली. फायबरची होती, रंग उडालेला, तळाला भेगा, आणि तिच्यासोबत एक लांब नळी, एक आडवी काठी, दोन-तीन फळ्या. गल्ली जमली. एकानं विचारलं, जनावरांना पाणी पाजायला आणली का. दुसरा म्हणाला, औंदा पुराचा अंदाज हाय वाटतं. मी आत जाऊन भांडी आपटली. पुतण्यावर तोंड सोडलं. मग ह्यांच्यावर सोडायला बाहेर आले, तर हे होडीभोवती फिरत होते. वाकून बघत होते, बोटानं भेग चाचपत होते, पुन्हा वाजवून बघत होते. छातीवरचा हात कुठं गेला ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. मला म्हणाले, "पॉलिश पेपर हाय का घरात?"

तेव्हा मी तोंड मिटलं. माझ्यासारखीनं तोंड मिटलं म्हणजे काय ते आमच्या गल्लीला विचारा.

आमची लेक पुण्याला असते. ती रोज फोन करून विचारायची, अप्पा काय करतात. मी म्हणायचे, पलंगावर आहेत. आता मी म्हणाले, होडी घासायलेत. तिला वाटलं, मलाही काहीतरी झालंय. म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवला, आणि त्यात ह्यांच्या मागं उभी राहून माझं नेहमीचं बोलणं चालूच होतं. "बग, ही तुझ्या बापाची होडी. कूलर आणायला गेले होते. आता ही पंख्याखाली लावायची का हिच्याखाली पंखा लावायचा, तेवढं विचारून घे." लेकीनं तो व्हिडिओ युट्यूबवर टाकला. मला न विचारता टाकला. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "आई, अजून काढ. लोक मागतायत."

असं आमचं चॅनल सुरू झालं. मी रोज दुपारची भांडी उरकून मोबाइल घेऊन प्लॉटवर जायची आणि जे दिसेल त्याला नावं ठेवायची. लोक हसायचे. मला वाटायचं मी माहिती देतेय. नाव घेत नसल्यामुळं मी सारखं "आमचे हे" म्हणायची, तर बघणाऱ्यांना तेच ह्यांचं नाव वाटलं. "आमचेहे काकांना नमस्कार" असं लोक लिहायला लागले. कुणी परदेशातून लिहायचं, कुणी किनवटहून, कुणी विचारायचं काका कपाळाला काय लावतात. ह्यांना मी रात्रीच्या जेवणाला सगळं वाचून दाखवायची. हे ऐकता ऐकता भाकरी जास्त खायचे.

मालवणकडचे एक गृहस्थ होते, आयुष्य होड्यांत गेलेले. ते चौथ्या-पाचव्या व्हिडिओखाली लिहिते झाले. "वहिनी, ही साधी होडी नाही. शिडाची आहे. ज्या नळीवर तुम्ही गोधडी वाळत घातली आहे, ती डोलकाठी आहे." मी बघितलं, खरंच गोधडी होती. ती नळी आम्हाला झेंड्याची वाटली होती. मी गोधडी काढली आणि ह्यांना सांगितलं की आपली होडी वाऱ्यावर चालती. ह्यांनी त्या नळीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग म्हणाले, "मंजी डिझेल लागत न्हाई?" सगळं आयुष्य डिझेलच्या भावानं हैराण झालेला माणूस. त्यांच्या चेहऱ्यावर मला वर्षभरात पहिल्यांदा हाव दिसली.

त्या दिवसापासून हे खरे कामाला लागले. आणि त्याच आठवड्यात ह्यांनी आपण होऊन एक फोन लावला, शिरूर अनंतपाळच्या बाजूला एक धरण आहे तिथल्या चौकीदाराला. टँकरच्या दिवसांतली ओळख. पाणी किती हाय, असं विचारलं.

त्या धरणात जुनं गाव बुडालेलं आहे आणि गावाचं महादेवाचं देऊळही. चौकीदार पाणी त्या देवळावर मोजतो. पाणी उतरायला लागलं की आधी कळस दिसतो, मग शिखर, मग देवळासमोरचा नंदी. "सध्या काहीच दिसंना, बिनघोर राहा," तो म्हणाला. "पर मालक, नंदीची पाठ कोरडी झाली की होडी आणू नका. मग बैलगाडीच आणा."

म्हणजे उन्हाळा सरायच्या आत होडी पाण्यात गेली पाहिजे होती. पुढच्या पावसाचा भरवसा लातूरचा माणूस धरत नाही. आणि पुढच्या पावसापर्यंत ह्यांचा उत्साह टिकेल याचा भरवसा मी धरत नव्हते.

भेगा बुजवायचं रसायन आणि जाळी आणली. फायबर घासताना अंगाला जी खाज सुटते ती सांगून कळायची नाही. हे दिवसभर घासायचे आणि संध्याकाळी म्हशीसारखे दाराच्या चौकटीला पाठ घासायचे. मी तेही चॅनलवर दाखवलं. भेगा भरल्या, वाळल्या, वर गुळगुळीत झालं. मग प्रश्न आला की गळती आहे का नाही ते बघायचं कसं.

इतर कुठल्याही गावात हा प्रश्न पडला असता तर त्यांनी होडी जवळच्या पाण्यात नेऊन सोडली असती. आमच्याकडं पाण्याकडं जात नाहीत, पाणी येतं. आणि टँकरवाल्याला टाकीची गळती बघायची एकच रीत माहीत असते. भरून बघायची. ह्यांना त्यात काही चुकीचं वाटलं नाही, मला वाटलं नाही, पुतण्याला वाटलं नाही, अख्ख्या गल्लीत कुणालाही वाटलं नाही. टँकर ज्यांना विकले होते त्यांना सांगून ह्यांनी एक खेप मागवली.

मी मोबाइल घेऊन उभी राहिले. आता लातुरात टँकर वळणावर दिसला की घागरी आपोआप दारात येतात. तो टँकर कुणासाठी आहे, कशासाठी आहे, कोण विचारतो? मी बघते तर होडीभोवती रांग. कळश्या, बादल्या, रंगाचे रिकामे डबे, एकीनं तर कपडे धुवायच्या मशीनचा पाइपच आणला. समोरच्या आजी होडीला प्रदक्षिणा घालून आल्या आणि मला म्हणाल्या, "वैनी, नळ कुटं बशीवलाय ह्याला?"

ह्यांनी टायरावर चढून पाइप आत सोडला. पाणी चढत गेलं. अर्धी, पाऊण, काठोकाठ. हे खाली वाकून तळ बघत होते. हात फिरवून बघितला, हात कोरडा. माझ्याकडं वळून हसले. "बग. थेंब न्हाई."

तेवढ्यात होडी बोलली. आतून कुठूनतरी कट्ट असा आवाज आला, मग एक टायर सरकला, आणि आमची शिडाची होडी मधोमध उकलून सगळं पाणी गल्लीत. चपला तरंगल्या. आमच्या उंबऱ्यावरून पाणी आत, न्हाणीपर्यंत. आणि गल्लीतलं एक माणूस होडीकडं बघेल तर शपथ. सगळे घागरी घेऊन पाण्याच्या मागं. त्या आजी खाली बसून तांब्यानं रस्त्यावरचं पाणी भरत होत्या. मी ओरडत होते आणि मोबाइल चालू होता.

तो व्हिडिओ लेकीनं टाकला आणि तो देशभर हिंडला. खाली लोकांनी जे लिहिलं त्याचे दोन तट पडले. आमच्याकडच्या सगळ्यांनी लिहिलं, अरेरे, एवढं पाणी! समुद्राकडच्या सगळ्यांनी लिहिलं, अरेरे, एवढी होडी! मालवणच्या गृहस्थांनी मात्र शांतपणे लिहिलं. "वहिनी, होडी बाहेरचं पाणी झेलते. आतल्या पाण्याचा भार तिला पेलत नाही. पुढच्या वेळेला होडीत पाणी घालू नका, पाण्यात होडी घाला."

हे मी जेवताना वाचून दाखवलं. वाचायला नको होतं. हे अर्धी भाकरी टाकून उठले आणि जाऊन पलंगावर बसले. दुसऱ्या दिवशीही तिथंच. हात पुन्हा छातीवर. मी प्लॉटवर जाऊन त्या फुटक्या होडीला असल्या शिव्या दिल्या की त्या चॅनलवर घालता आल्या नसत्या. मला त्या फायबरचं काही नव्हतं. माझा माणूस उठला होता, तो पुन्हा बसला, याचा राग होता. लेकीला फोन करून म्हणाले, बंद कर ते सगळं. तिनं काही ते बंद केलं नाही.

तिसऱ्या दिवशी चौकीदाराचा फोन आला. मीच उचलला आणि मुद्दाम आवाज मोठा करून ठेवला. "मालकाला सांगा, कळस दिसायलाय. होडी कुटवर आली?"

हे पलंगावर सरळ झाले. मग म्हणाले, "त्याला मनावं, थांब जरा." जसं काही धरण त्याच्या हातात होतं. आणि चप्पल घालून प्लॉटवर गेले.

या खेपेला मालवणचे गृहस्थ रोज व्हिडिओ कॉलवर असायचे. आतून लाकडाच्या पट्ट्या कशा बसवायच्या, जाळीचे थर कसे द्यायचे, गाठ कशी मारायची. मालवणी आणि लातुरी माणसाचं एकमेकांना अर्धंच कळायचं, पण होडीचं सगळं कळायचं. एक गोष्ट ते दर वेळेला बजावायचे, की वाऱ्यावर होडी पळायला लागली आणि भीती वाटली, की शिडाची दोरी सोडून द्यायची. शीड मोकळं झालं की होडी आपोआप थांबते. हे मी चॅनलवरही बजावून सांगितलं. "बायांनो, ध्यानात ठिवा. घाबरलं की दोरी सोडायची." जशी काय मी उदगीरच्या बंदरावर वाढले.

शीड तेवढं नव्हतं. ते शेळ्यांनी खाल्लं का कुणी नेलं, देव जाणे. गल्लीच्या तोंडावर एका उगवत्या नेत्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स होता. वाढदिवस होऊन गेलेला, वाऱ्यानं एक कोपरा सुटलेला. पुतण्या तो घेऊन आला. मालवणहून सांगणं आलं, शीड नुसतं सपाट कापायचं नाही, त्याला पोट ठेवावं लागतं. पोट कसं ठेवायचं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आयुष्यभर गल्लीचे ब्लाउज शिवलेत. ब्लाउजला घेते तसे टक्स घेतले. मशीनच्या सुया मात्र मोजता येणार नाहीत इतक्या मोडल्या. पांढरी बाजू बाहेर ठेवली होती, पण उन्हात धरलं की आतला नेता स्वच्छ दिसायचा. काळा गॉगल, हात जोडलेले.

इकडं चौकीदाराचे फोन चालूच. शिखर दिसलं. शिखर सगळं दिसलं. मग एक दिवस म्हणाला, "नंदीची शिंगं वर आली. येणार असाल तर ऐतवारी या, न्हाई तर राहू द्या." हे त्या रात्री आडवे झाले पण डोळे उघडेच होते. मी विचारलं, तकलीफ होती का. म्हणाले, "रंग वाळंल का ऐतवारपतुर, ते बघायलो."

रविवारी सकाळी टेम्पोत होडी, होडीत मी दिलेली शिदोरी, आणि पुढं आम्ही. काठावर उतरवल्यावर ह्यांनी पूजा मांडली. हळद, कुंकू, नारळ. नवी गाडी काढताना चाकाखाली लिंबू ठेवतात, तशी चार लिंबं आणली होती. ती हातात घेऊन हे होडीभोवती फिरले. चाक काही सापडेना. शेवटी तळाखाली ठेवली आणि चौकीदारानं, पुतण्यानं होडी लिंबांवरून पाण्यात सरकवली. ती तरंगली. खरंच तरंगली. हलत होती, डुलत होती, आत थेंब नव्हता. मी मोबाइल डोलकाठीला चिकटपट्टीनं बांधला आणि शीड चढवलं.

मग बसायची वेळ आली.

हे घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. होडीची दोरी एका हातात. पाण्याकडं बघत होते आणि दुसरा हात हळूहळू वर छातीकडं गेला. मला म्हणाले, "आदी तू बस. वजन बगू."

"मी काय वजनाचा काटा हाय का?"

एरवी यावर मला चांगलं सणसणीत उत्तर मिळालं असतं. हे खाली मान घालून उभे राहिले. मला पोहता येत नाही. विहिरीत वाकूनसुद्धा मी कधी बघत नाही. पण त्या वेळेला मला पाण्याची नाही, घरच्या पलंगाची भीती वाटली. हा माणूस इथून असाच परत गेला तर त्या पलंगावर बसणार, आणि या खेपेला कुणाच्याही फोननं उठणार नाही. मी टँकरच्या टायरची ट्यूब साडीवरून कमरेला चढवली, देवाचं नाव घेतलं आणि होडीत बसले. एका हाताला सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. हे काठावर होडीची दोरी धरून, की थोडी पुढं जाऊ द्यायची आणि परत ओढायची.

चौकीदार मदतीला धावला आणि त्यानं चांगलंच ढकललं. त्याच वेळेला वारा आला. नेता फुगला. ह्यांच्या हातातली दोरी सर्रकन सुटली आणि मी निघाले.

होडी पळते म्हणजे काय ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. काठ मागं चालला होता, पाणी खळखळत होतं, कळस उजव्या हाताला आला आणि गेला. मी "अय्यो, यव्वा" करत माहेरचं सगळं कानडी बाहेर काढलं. आणि मागनं आवाज आला.

"दोरी सोड! ए, दोरी सोड की!"

तो आवाज. ड्रायव्हर थरथरायचे तो. घाबरून माझा जीव चालला होता, तरी कानाला एवढं बरं वाटलं की काय सांगू. मान वळवून बघितलं तर हे पळत होते. काठाकाठानं, चिखलातून, धोतर गुडघ्यावर धरून. पाणी उतरलेल्या जागेत कुणी कलिंगडं लावली होती, त्यातनं पळत होते. कलिंगडवाला मागनं ओरडत होता, ह्यांना पत्ता नव्हता.

"पळू नका हो!" मी ओरडले. "जीव जाईल!"

"तू दोरी सोड!"

"आदी तुमी थांबा!"

"सोड मनलं ना! ऐकू येत न्हाई का?"

"डॉक्टरनं काय सांगितलंय तुमाला?"

"डॉक्टर काय होडीत बसलाय का?"

दोरी काही माझ्या मुठीतून सुटत नव्हती. एवढ्या बायांना शिकवलं, आणि माझी मूठ लोखंडाची झाली होती. पण भांडण असं रंगलं की धरणाच्या दोन्ही काठांना घुमायला लागलं. पलीकडं एक जण बैल धुत होता, त्यानं शिडावरचा नेता बघून हात जोडले आणि मला विचारलं, "सायेब पाहणीला आले का?"

शेवटी होडीच थांबली. काठापासून जरा आत चिखलाचा उंचवटा होता, त्यावर जाऊन रुतली. मी तशीच मूठ आवळून बसले. हे पाण्यातून आले, मांड्यांपर्यंत पाणी, एक चप्पल गेलेली, तोंडाला फेस. मी फक्त त्यांचा श्वास बघत होते. धापा टाकत होते, पण नुसत्या धापा. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं नाही. आधी होडीभोवती फिरले, तळाला हात लावून बघितला. मग माझ्या मुठीतून दोरी उपसून काढली.

"कितींदा सांगितलं होतं मालवणच्यानं? सोड मनलं की सोडायची. डोकं हाय का न्हाई?"

मला रडू फुटलं. हुंदके देऊन रडले, कमरेला ट्यूब घालून, भर धरणात.

"रडाय काय झालं?" हे म्हणाले. "होडीला काय बी झालं न्हाई."

मी पदरानं डोळे पुसले. ह्यांनी वाऱ्याकडं तोंड केलं, शिडाकडं बघितलं, पुन्हा वाऱ्याकडं. आणि मला खांद्याला धरून हलवलं.

"उतर खाली. सरक. आता मी बसतो, तू ढकल."

मी ट्यूब काढून त्यांच्या गळ्यात घातली, साडी खोचली आणि चिखलात उतरून होती नव्हती तेवढी ताकद लावून ढकललं. होडी सुटली. फ्लेक्सनं वारा धरला आणि हे नंदीच्या शिंगांच्या बाजूनं पुढं निघाले, एकदा मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी मांडीएवढ्या पाण्यात उभी राहून त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या, आणि त्यांनी लांबून एकूण एक परत केली.